यात्रेहून परतलेला राजा

लेकीकडे लंडनला गेलो की एक दिवस ब्रिटिश म्युझियमला द्यायचा, हा माझा नेम. यंदा अँग्लो-सॅक्सन काळातल्या वस्तूंच्या दालनात एका काचेसमोर रेंगाळलो होतो, तेवढ्यात शाळेची सहल येऊन धडकली. पिवळीजर्द चमकणारी जॅकेटं घातलेली आठ-नऊ वर्षांची पोरं, प्रत्येकाच्या हातात क्लिपबोर्ड आणि त्याला दोरीने बांधलेली पेन्सिल. माझ्यासमोर सोन्याची एक अंगठी होती. एका मुलीने काचेला नाक लावून खालचं नाव अडखळत वाचलं, एथेलवुल्फ, आणि बाईंना विचारलं, हा कोण? बाईंचं लक्ष मागे राहिलेल्या दोघा पोरांकडे होतं. "आल्फ्रेडचे बाबा," एवढं सांगून त्या रांग पुढे घेऊन गेल्या. मुलीनेही फार मनावर घेतलं नाही. मला मात्र ते दोन शब्द उगाचच टोचले. उत्तर बरोबर होतं, आणि त्या वयाच्या पोरीला याहून जास्त सांगायची गरजही नव्हती. पण नवव्या शतकात अठरा-एकोणीस वर्षं राज्य केलेल्या माणसाची ओळख, पुढे आल्फ्रेड द ग्रेट म्हणून गाजला असला तरी, धाकट्या मुलाच्या नावाने व्हावी? माझं वय झालंय म्हणूनही टोचलं असेल. सोसायटीत हल्ली मीसुद्धा अमकीचे बाबाच असतो.

अंगठी मात्र पाहत राहावी अशी आहे. समोरचा भाग बिशपच्या टोपीसारखा उंच निमुळता, त्यावर एका झाडाच्या दोन बाजूंना दोन मोर, खाली एथेलवुल्फ राजा अशी अक्षरं, आणि नक्षीच्या खाचांमधून काळा लेप भरलेला, त्यामुळे सोनं अधिकच पिवळं दिसतं. १७८० साली विल्टशरमधल्या लेव्हरस्टॉक गावी गाडीच्या चाकोरीत ती सापडली आणि सॅलिसबरीच्या एका सराफाकडे गेली. राजाने ती स्वतःच्या बोटात घातली असेलच असं नाही, कुणा सरदाराला मानाची खूण म्हणून दिलेली असावी असं जाणकार म्हणतात. त्याच्या मुलीच्या, एथेलस्विथच्या, नावाचीही अंगठी याच म्युझियममध्ये आहे. ती १८७० साली यॉर्कशरमध्ये नांगराच्या फाळाला लागली, आणि ज्याला सापडली त्याने पितळेची समजून कुत्र्याच्या पट्ट्यात अडकवली होती म्हणतात. बापाची चाकोरीत, लेकीची कुत्र्याच्या गळ्यात.

त्या घराण्याच्या नावांनी आधी डोकं उठतं. एथेलवुल्फची मुलं ओळीने एथेलस्टन, एथेलबाल्ड, एथेलबर्ट, एथेलरेड, मुलगी एथेलस्विथ. एकटा शेंडेफळ तेवढा आल्फ्रेड. वाचताना मी कागदावर वंशवृक्ष काढून शेजारी ठेवला, तेव्हा कुठे कोण कुणाचा भाऊ हे लक्षात राहू लागलं. एथेलवुल्फचा बाप एगबर्ट, तरुणपणी हद्दपार होऊन फ्रँकांच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, राज्यात दिवस काढलेला, ८०२ साली परत येऊन वेसेक्सच्या गादीवर बसलेला. वेसेक्स म्हणजे आजच्या इंग्लंडचा दक्षिणेकडचा तुकडा. एकसंध इंग्लंड तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. ८२५ साली एगबर्टने शेजारच्या मर्सिया राज्याच्या राजाला एलेंडनच्या लढाईत हरवलं आणि लगोलग मुलाला फौज देऊन केंटवर धाडलं. एथेलवुल्फने तिथल्या राजाला थेम्सपार पिटाळलं, आणि पुढे बापाच्या हाताखाली केंटचा राजा म्हणून कारभार पाहिला. ८३९ साली एगबर्ट गेला आणि हा गादीवर आला. आज वाचताना यात विशेष काही वाटत नाही, पण वेसेक्समध्ये बापामागून मुलगा गादीवर बसण्याची गोष्ट जवळजवळ दोनशे वर्षांत घडलेली नव्हती. गादी चुलत्यापुतण्यांत, भाऊबंदांत, ज्याच्या मनगटात जोर त्याच्याकडे जायची.

तो लढला नाही असंही नाही. ८५१ साली व्हायकिंगांची साडेतीनशे जहाजं थेम्सच्या मुखात शिरली, कँटरबरी आणि लंडन लुटलं, मर्सियाच्या राजाला पळवून लावलं. त्या सैन्याला एथेलवुल्फ आणि त्याचा मुलगा एथेलबाल्ड यांनी आक्लेआ इथे गाठलं, आणि इतकी कत्तल केली की आजवर याहून मोठी ऐकिवात नाही असं अँग्लो-सॅक्सन बखरकार लिहितो. बाप-लेक खांद्याला खांदा लावून. हे चित्र मुद्दाम लक्षात ठेवायचं, कारण पाच वर्षांत ते पार उलटणार आहे.

८५५ साली हा माणूस रोमला निघाला.

त्याआधी त्याने आपल्या संपत्तीचा दहावा भाग दान केला. नेमकं काय दिलं, जमीन की करमाफी, यावर विद्वानांची शंभर पानं खर्ची पडली आहेत. मी त्यात शिरत नाही. राज्याची सोय लावली. वेसेक्स एथेलबाल्डकडे, केंट आणि पूर्वेचा भाग त्याच्या पाठच्या एथेलबर्टकडे. थोरला एथेलस्टन तोवर गेलेला होता. आणि सहा वर्षांच्या आल्फ्रेडला बरोबर घेऊन तो आल्प्सपलीकडे चालता झाला. त्याच्या आधी वेसेक्सचे दोन राजे रोमला गेले होते, ६८८ साली कॅडवाला आणि ७२६ साली इने. दोघेही गादी सोडून गेले आणि तिकडेच वारले. म्हणजे रोमला जाणं याचा वेसेक्सला ठाऊक असलेला अर्थ एकच होता. एथेलबाल्डने बापाला निरोप देताना मनात काय धरलं असेल, हे ओळखायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

इथे मला आमच्या पणजोबांची गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. आजी ती सांगायची. पणजोबा काशीला निघाले तेव्हा रेल्वे आलेली होती, तरी काशीला गेलेला म्हातारा परत येईल असं धरून कोणी चालत नसे. त्यांनी जमिनीच्या वाटण्या केल्या, किल्ल्यांचा जुडगा थोरल्याच्या हाती दिला, सगळ्या गावाला नमस्कार करून गेले. आणि सहा महिन्यांनी गंगेचे गडू घेऊन, वाळलेले पण धडधाकट, दारात उभे. तोवर थोरल्याने ओटीवरची त्यांची बैठक आपली केली होती. पानाचा डबा आणि अडकित्तासुद्धा. मावंदं तर घालायलाच हवं, पण ते कोणाच्या वाट्यातून, यावर चार दिवस घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. इथवर आजी पदर तोंडाला लावून हसायची. पुढचं मात्र ती हसत सांगत नसे. पणजोबांनी किल्ल्या परत मागितल्या नाहीत. मधल्या मुलाच्या वाट्याला आलेल्या पडवीत त्यांनी आपली वळकटी टाकली आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. आजीला ते चांगलं वाटायचं की वाईट, हे मला तिच्या आवाजावरून कधी कळलं नाही.

पणजोबा निदान एकटे परतले होते.

एथेलवुल्फ रोममध्ये वर्षभर राहिला. पोपसाठी सोन्याचा मुकुट, सोन्याने मढवलेली तलवार, चांदीची सोनेरी भांडी असं काय काय नेलं होतं. सेंट पीटरच्या देवळात धर्मगुरूंना आणि बड्या लोकांना सोनं, सामान्यांना चांदी वाटली. परतीच्या वाटेवर तो फ्रँकांचा राजा चार्ल्स याच्याकडे थांबला. टक्कल्या चार्ल्स म्हणतात त्याला, सम्राट शार्लमेनचा नातू. दोघांच्याही किनाऱ्यांवर एकाच उत्तरेच्या लोकांची जहाजं येत होती, त्यामुळे बोलायला विषय होताच. ८५६ च्या जुलैत साखरपुडा झाला आणि १ ऑक्टोबरला व्हर्बरीच्या राजवाड्यात एथेलवुल्फचं लग्न चार्ल्सच्या मुलीशी, ज्युडिथशी लागलं. ती बारा-तेरा वर्षांची. याचं वय नोंदलेलं नाही, पण ८२५ साली फौज घेऊन केंटवर गेलेला माणूस तेव्हा पन्नाशीच्या आत कसा असेल? रेम्सचा आर्चबिशप हिंकमार याने तिच्या डोक्यावर मुकुट ठेवला, पवित्र तेलाने अभिषेक केला. त्या विधीचा मजकूर आजही उपलब्ध आहे. शार्लमेनच्या पणतीला नुसती बायको म्हणून पाठवायचं नाही, राणी म्हणूनच पाठवायचं, असा बापाचा हिशेब. तिला कोणी विचारलं होतं का, हा प्रश्न विचारायचाही तो काळ नव्हता; तरी मला तो पडतोच. वाचताना मी इथे पुस्तक मिटून चहा करायला उठलो होतो.

आता वेसेक्समध्ये हयात मुलांतल्या थोरल्याच्या, एथेलबाल्डच्या, जागी आपण बसून पाहावं. वीसेक वर्षांचा, आक्लेआला बापाबरोबर लढलेला, वर्षभर राज्य चालवलेला. बाप परत येत नाही असं धरलेलं. तो येतो, बरोबर लेकीहून लहान बायको, तीही अभिषेक झालेली. तिला मुलगा झाला तर त्याच्या अंगात शार्लमेनचं रक्त, आणि तो राणीच्या पोटचा. एथेलबाल्डची आई ओसबर्ह ही राजाच्या पेयशाळेच्या अधिकाऱ्याची मुलगी. तिला राणी असं कोणी कधी म्हटलेलं नाही. सेलवुडच्या जंगलापलीकडे, पश्चिमेत, शेरबर्नचा बिशप एल्हस्टन आणि सॉमरसेटचा सरदार एनवुल्फ यांच्याबरोबर त्याने मसलत केली: बापाला पुन्हा गादीवर येऊ द्यायचं नाही. गंमत म्हणजे हाच बिशप एल्हस्टन ८२५ साली तरुण एथेलवुल्फबरोबर केंटच्या स्वारीवर गेलेला होता. जुनी माणसं कुणाच्या बाजूला जातील सांगता येत नाही.

हे सगळं आपल्याला कळतं ते आसरकडून. आसर हा वेल्समधला भिक्षू, ८९३ साली आल्फ्रेडचं चरित्र लिहिणारा. तो म्हणतो, सरदार एथेलबाल्डला हाकलून द्यायला तयार होते, पण एथेलवुल्फने ते होऊ दिलं नाही. त्याने राज्य वाटून घेतलं. पश्चिम मुलाला, पूर्व स्वतःला. आसरचा जळफळाट अकरा शतकांनंतरही ऐकू येतो: बापाने जिथे राज्य करायचं तिथे हा हट्टी, अन्यायी मुलगा बसला, कारण पश्चिमेचा भाग पूर्वेपेक्षा नेहमीच महत्त्वाचा. आसरचं सगळं खरं धरायचं कारण नाही. तो आल्फ्रेडच्या पदरी होता, एथेलबाल्ड कधीच मरून गेलेला होता आणि त्याच्या बाजूने बोलायला वंश उरला नव्हता. पण वाटणी झाली हे नक्की.

याच वाटणीवरून एथेलवुल्फला दुबळा ठरवलं गेलं. विसाव्या शतकातल्या मोठमोठ्या इतिहासकारांनीही तो देवभोळा आणि महत्त्वाकांक्षा नसलेला म्हणून निकालात काढला. मला ते पटत नाही. बखरीत ८५५ च्याच नोंदीत आणखी एक ओळ आहे: त्या वर्षी परकीयांनी प्रथमच शेपी बेटावर हिवाळा काढला. शेपी म्हणजे केंटचा किनारा, थेम्सचं मुख. म्हणजे म्हाताऱ्याने स्वतःकडे घेतली ती वाऱ्यावरची, शत्रूच्या तोंडची बाजू. आणि बापलेकांनी एकमेकांची डोकी फोडण्यात एक हिवाळा घालवला असता तर शेपीवरच्या लोकांनी काय केलं असतं, हे त्याला आक्लेआ लढल्यामुळे चांगलं ठाऊक होतं. त्यात त्याला दुःख झालं नसेल असं मी म्हणत नाही. दुःखही झालं असेल आणि हिशेबही बरोबर असेल.

ज्युडिथच्या बाबतीत मात्र तो हटला नाही. वेसेक्समध्ये राजाच्या बायकोला सिंहासनाशेजारी बसवत नसत. याचं कारण आसर सांगतो ती एडबर्हची गोष्ट: मर्सियाच्या ऑफाची मुलगी, पूर्वीच्या एका राजाची बायको. तिने दरबारातल्या एका तरुणासाठी विष कालवलं आणि ते नवऱ्यानेच घेतलं. मग खजिना घेऊन ती शार्लमेनकडे पळाली. त्याने विचारलं, मला निवडतेस की माझ्या मुलाला? ती म्हणाली, मुलाला, तो तरुण आहे. मला म्हणाली असतीस तर मुलगा मिळाला असता, आता कोणीच नाही, असं म्हणून त्याने तिला एक मठ देऊन टाकला. तिथेही तिने भानगड केली आणि शेवटी इटलीत पाविया शहरात भीक मागत मेली. गोष्ट पुष्कळशी रचलेली वाटते, इतकी ती सोयीची आहे. पण वेसेक्सच्या लोकांनी या एका बाईच्या नावावर पुढच्या सगळ्या राण्यांचा मान काढून घेतला होता, आणि एथेलवुल्फने ज्युडिथला मरेपर्यंत आपल्या शेजारी बसवलं. सरदारांनी हूं की चूं केलं नाही, असं आसरच लिहितो. पाविया वाचून मी थबकलो, कारण एथेलवुल्फची ती अंगठीवाली मुलगी, मर्सियाची राणी झालेली एथेलस्विथ, ८८८ साली रोमच्या वाटेवर असताना पावियातच वारली.

१३ जानेवारी ८५८ ला एथेलवुल्फ गेला. आधी ससेक्समध्ये स्टेनिंगला पुरला, मग हाडं विंचेस्टरला नेली. तिथल्या कॅथीड्रलमध्ये राजांच्या अस्थींच्या रंगीत लाकडी पेट्या आहेत, त्यांतल्या एकीवर त्याचं नाव आहे. १६४२ साली यादवी युद्धात पार्लमेंटच्या शिपायांनी पेट्या फोडून हाडं विखुरली, आणि नंतर ज्याने गोळा केली त्याने जमेल तशी भरली. अलीकडे शास्त्रज्ञांनी ती उघडून पाहिली तेव्हा तेराशेहून जास्त हाडं आणि निदान तेवीस माणसं निघाली. पेट्यांवर लिहिलेल्या नावांपेक्षा जास्त.

मृत्युपत्र मात्र त्याने नीट करून ठेवलं होतं. राज्य दोन थोरल्या मुलांत. रोमला दरवर्षी तीनशे मँकस, म्हणजे नऊ हजार चांदीची नाणी: शंभर मँकस सेंट पीटरच्या दिव्यांच्या तेलाला, शंभर सेंट पॉलच्या, शंभर खुद्द पोपला. त्याच्या वारशाच्या जमिनीत दर दहा हाइडमागे (हाइड म्हणजे एका कुटुंबाच्या पोटापुरती जमीन) एका गरिबाला, मग तो गावचा असो की परका, अन्न, पेय आणि वस्त्र, तेही जगाच्या अंतापर्यंत. आणि सगळ्यात कळीचं कलम: काही जमीन एथेलबाल्ड, एथेलरेड आणि आल्फ्रेड या तिघांत सामाईक, जो सर्वांत जास्त जगेल त्याची सगळी. बंडखोर मुलाचं नावही त्यात आहे.

एथेलबाल्डने बापाच्या पश्चात काय केलं? ज्युडिथशी लग्न केलं. आसरच्या लेखणीला इथे अंगार फुटतो, देवाच्या आज्ञेविरुद्ध, रानटी लोकांच्या रीतीलाही न शोभणारं. ८६० साली तोही मेला. ज्युडिथने वेसेक्समधल्या आपल्या मालमत्ता विकल्या आणि बापाकडे परत गेली. सोळा-सतरा वर्षांची, दोनदा विधवा. बापाने सॉन्लिसला पहाऱ्यात ठेवलं, पुढचं स्थळ येईपर्यंत. ती भावाच्या संमतीने बाल्डविन नावाच्या सरदाराबरोबर पळून गेली. बापाने बिशपांकडून दोघांना धर्मबाह्य करवलं, ती दोघं पोपकडे गेली, पोप निकोलसने रदबदली केली आणि शेवटी चार्ल्सला ते लग्न मान्य करावं लागलं. तीन लग्नांतलं हे एकच तिने स्वतः ठरवलेलं. बाल्डविनला फ्लँडर्स, म्हणजे आजच्या बेल्जियमकडचा मुलूख, मिळालं.

इकडे भाऊ एकामागून एक राजे होत गेले आणि ८७१ साली पाळी आल्फ्रेडवर आली. एथेलरेडला दोन लहान मुलं होती. बाहेर डेनांची, म्हणजे त्याच व्हायकिंगांची, फौज, गादीवर पोर बसवायची सोय नव्हती. पुतण्यांच्या वाट्याचं काय, ही कुरकुर पुढे इतकी वाढली असावी की आल्फ्रेडने सरदारांची सभा बोलावली, बापाचं मृत्युपत्र सर्वांसमोर वाचायला लावलं आणि विचारलं, माझ्या हातून कुणावर अन्याय झाला असेल तर सांगा. कोणी बोललं नाही. राजा समोर बसलेला असताना कोण बोलणार म्हणा! हे सारं आल्फ्रेडच्याच मृत्युपत्रात लिहिलेलं आहे. ८९९ साली तो मेला मात्र, आणि पुतण्या एथेलवोल्ड उठला. त्याने विंबर्न काबीज केलं, जिथे त्याच्या बापाला पुरलं होतं, आणि जगेन तर इथे, मरेन तर इथे, अशी गर्जना केली. रात्रीतून पळाला. डेनांना जाऊन मिळाला आणि काही वर्षांत होमच्या लढाईत मारला गेला. एथेलवुल्फने सेलवुडपाशी टाळलेली घरातली लढाई दोन पिढ्यांनी झालीच.

आल्फ्रेडच्या मृत्युपत्रात आजोबांचाही दाखला आहे. एगबर्टने आपली जमीन भाल्याच्या बाजूला दिली होती, चातीच्या बाजूला नाही. म्हणजे मुलांकडे, मुलींकडे नाही. तेव्हा मी बायकांना जे दिलंय ते माझ्या नातलगांना हवं असेल तर पैसे मोजून घ्यावं, असं आल्फ्रेड लिहितो. धाकट्या मुलीला, एल्फथ्रिथला, त्याने दिलेल्या जागांत चिपनहॅम आहे. तिथेच ८५३ साली एथेलवुल्फने आपल्या एथेलस्विथचं लग्न लावून दिलं होतं. ही एल्फथ्रिथ फ्लँडर्सला दिली, बाल्डविन आणि ज्युडिथच्या मुलाला. माझ्या वंशवृक्षाच्या कागदावर इथे रेघा एकमेकींत अडकल्या. ज्युडिथ तिची सावत्र आजी, एथेलबाल्डकडून मोठी काकू, आणि आता सासू! आमच्या आजीने अशी सोयरीक ऐकली असती तर मधेच थांबवून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली असती. या दोघांच्या वंशात फ्लँडर्सची माटिल्डा जन्मली. तिचं लग्न नॉर्मंडीच्या विल्यमशी झालं, आणि १०६६ साली त्याने इंग्लंड जिंकल्यावर १०६८ साली तिला राणी म्हणून अभिषेक झाला. एगबर्टच्या घराण्याचं रक्त इंग्लंडच्या गादीशेजारी परत आलं ते असं, चातीच्या बाजूने.